तुझ्यासाठी दोन सरणं रचली होती, अक्का

अक्का, उद्या ग्रामसभा आहे आणि तू नाहीस. हे काही बरं केलं नाहीस. मला खुर्चीत बसवलंस आणि स्वतः निघून गेलीस. सकाळी चहात साखर दोनदा टाकली. भाकरी थापायला घेतली तर ती परातीतच फाटली. तुझा भाऊ नुसता बघतो आणि काही बोलत नाही. तो कधी बोललाय म्हणा!

ग्रामसेवक काल येऊन गेला. "वहिनी, आता प्रभारी सरपंच तुम्हीच, अध्यक्ष तुम्हीच," असं हसून म्हणाला. जसा काही मला हार घालायला आला होता. उपसरपंच म्हणून तुझ्या शेजारी बसून मी काय करायचे, तर तुझा आवाज चढला की टेबलाखालून तुझा पदर ओढायचे. तेवढंच माझं काम होतं. उद्या तुझ्या जागी बसून विषय वाचायचाय, खुर्दची ग्रामपंचायत बुद्रुकपासून वेगळी करायची की नाही. खुर्दाने तर त्यांच्या सभेत तुझ्यासमोरच हो म्हणून हात वर करून टाकले. राहिलं आमचं बुद्रुक. इथे नाही म्हणाले की विषय बारगळला, आणि तू शिंदखेड्याच्या पंचायत समितीत घातलेले सगळे खेटेही वाया गेले.

आणि लोक नाहीच म्हणणार आहेत, अक्का. तेही तुझं नाव घेऊन. मी तुला जिकडे न्यायला सांगितलं, तिकडे तुला नेलं म्हणून.

आपल्या दोघींचं सगळं पहिल्यापासून उलटसुलट. तू बुद्रुकची लेक आणि खुर्दची सून. मी खुर्दची लेक आणि बुद्रुकची सून. माझ्या थोरल्या भावाला, नानाला, तुला दिली आणि बदल्यात तुझ्या भावाला मला. एकाच मांडवात साटंलोटं उरकलं. दोन गावांच्या मधे एक नाला, त्यावर बुटक्या पुलाची फरशी, आणि फरशीच्या या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाच्या बाईने कोणतं लुगडं नेसलंय ते दिसतं. म्हणजे मी तुझी नणंदही आणि भावजयही. तूही माझी दोन्ही. भांडण लागलं की तू आधी विचारायचीस, "आज नणंद कोन शे, तू का मी?" मग हसू यायचं आणि भांडण तिथेच राहायचं.

लग्न नवं होतं तेव्हा मी तुला "अहो अक्का, तुम्ही" म्हणाले होते. तू डोळे वटारलेस. "माले तुम्ही कसाले म्हनस? मी काय तुनी सासू शे का?" तेव्हापासून तुला अगंतुगं करते. सासूबाईंना ते अजिबात आवडायचं नाही. त्यांची स्वतःचीच लेक तू, तरी म्हणायच्या की वयाचा मान ठेवावा. तू त्यांच्यासमोर मुद्दाम माझ्या ताटातलं लोणचं उचलून खायचीस.

दोन्ही गावांचं नाव एकच, शेपूट तेवढं वेगळं. बाहेरच्या माणसाला यातलं काही कळत नाही. तो विचारतो की पंचायत एक, नाव एक, मग गावं दोन कशी. त्याला कसं सांगायचं की नळाच्या पाण्याची विहीर खुर्दच्या हद्दीत आहे आणि स्मशान बुद्रुकच्या हद्दीत. पाणी तिकडून इकडे येतं, माणसं तिकडून इकडे जळायला येतात. आणि सरणाची ती रीत. ज्या गावात माणूस गेलं, त्या गावाने लाकडाला हात लावायचा नाही. खुर्दात कुणी गेलं की बुद्रुकची माणसं न सांगता सरण रचतात. बुद्रुकात गेलं की खुर्दची माणसं फरशी ओलांडून येतात. ज्याच्या घरी दुःख आहे त्याच्या गावाने लाकडं मोजत बसू नये, असं सासरे सांगायचे. मला तर लहानपणी वाटायचं की सगळीकडे असंच असतं.

तू सरपंच झालीस तेव्हा बुद्रुकला वाटलं आपली लेक झाली, खुर्दला वाटलं आपली सून झाली. दोघांनीही गुलाल उधळला. मला उपसरपंच केलं ते तू हट्टाने. "तिले काय समजस?" असं बुद्रुकचे भास्करआबा म्हणाले, तर तू म्हणालीस, "मालेबी काय समजस? दोन्ही मिळीसन समजी लेसूत." मग आपण पंचायत समितीच्या चकरा मारायला लागलो. खरं सांगू? मला त्या कामातलं अर्धं कधी कळलं नाही. मी यायचे ते काळ्यापिवळ्या जीपमध्ये तुझ्या शेजारी चेपून बसायला मिळतं म्हणून. घरातल्या बायांना एवढा वेळ कुणी एकत्र बसू देतं का? सरपंच आणि उपसरपंच म्हटल्यावर सासूबाईंचंही तोंड बंद.

आणि मग तो पावसाळा आला. खुर्दचे गिरधरबाबा गेले आणि नाल्याला पूर. फरशी पाण्याखाली. बुद्रुकच्या माणसांनी रीतीप्रमाणे भर पावसात ताडपत्री धरून सरण रचलं, आणि मढं पलीकडे. या काठाला सरण, त्या काठाला माणूस. पूर काही उतरेना. तू बाबांच्या घरी बसून राहिलीस. त्यांची सून उदबत्तीमागून उदबत्ती लावत होती आणि वास काही दबत नव्हता. ती तुला म्हणाली, "अक्का, तू सरपंच शे ना?" एवढंच म्हणाली. तू मला फोनवर हे सांगितलंस तेव्हा तुझा आवाज ओळखू येत नव्हता.

त्यानंतर तू बदललीस. खुर्दाला स्वतःचं स्मशान हवं, हे तर कुणालाही पटेल. मलाही पटलं. पण तू तिथे थांबली नाहीस. तुला खुर्दची पंचायतच वेगळी हवी झाली. तुझं म्हणणं, बुद्रुकची माणसं जास्त, म्हणून प्रत्येक काम आधी बुद्रुकला. दाखला घ्यायला म्हातारीने फरशी ओलांडायची. ग्रामसभेला खुर्दच्या बायांनी कडेवर पोरं घेऊन इकडे यायचं आणि मागे उभं राहायचं. मी म्हणायचे, अगं, वेगळं निघालेल्या भावांची तोंडं बघितलीस का तू कधी? बांधावरून डोकी फुटतात. तू म्हणायचीस, "आन एकत्र राहीसन काय व्हस? धाकटानी बायको जनमभर भांडा घासस." आणि आमच्या घरात धाकट्याची बायको मीच.

मी तरीही तुझ्याशी वाद घालत राहिले. खुर्दाला पूर्णवेळ ग्रामसेवक मिळणार नाही म्हणाले. योजना येणार नाहीत म्हणाले. विहिरीवरून मारामाऱ्या होतील म्हणाले. तू प्रत्येक मुद्दा तोडत गेलीस. आणि शेवटी म्हणायचीस, "हाई बठ्ठं ठीक शे शोभी, पन तुना मनमा काय शे ते सांग." मी म्हणायचे, तेच आहे मनात. तू मान हलवायचीस.

विहिरीचं मात्र माझं खरं ठरलं. खुर्दच्या पोरांनी बुद्रुकचा व्हॉल्व्ह बंद केला. लगेच आमच्याकडच्या कुणीतरी गावाच्या ग्रुपवर टाकलं की पाणी बंद तर मढीही इकडे आणू नका.  तू भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन एकटी विहिरीवर गेलीस आणि व्हॉल्व्ह उघडलास. पोरं उभी राहून बघत होती. त्यांना म्हणालीस म्हणे, "वेगळं व्हनं शे, वैरी नही व्हनं शे." योगेशने मला नंतर सांगितलं. तोच पुढारी होता त्या पोरांचा.

त्या संध्याकाळी फरशीवर मी तुला गाठलं आणि तोंडाचा पट्टा सोडला. तूच भडकवलंस पोरांना, आता भोग, असं बोलले. तू शांतपणे ऐकलंस. मग म्हणालीस, "शोभी, तुले एक गोष्ट सांगनी शे." तेवढ्यात तुझा फोन वाजला, बीडीओ साहेबांच्या ऑफिसातून. तू हाताने मला थोपवलंस. "थांब, हाई व्हयनं का सांगस तुले." बोलत बोलत पलीकडे गेलीस. मी थोडा वेळ उभी राहिले आणि घरी आले, भात लावायचा होता.

काय सांगणार होतीस? मला आता भांडी घासतानाही तेच, झोपतानाही तेच. माघार घेणार होतीस का? की मला शिव्या घालणार होतीस? की काहीच नव्हतं, मिरच्या कधी वाळवायच्या एवढंच होतं?

दुसऱ्या दिवशी तुझ्या छातीत दुखलं आणि नानाने गाडी केली. धुळ्याला पोचायच्या आत सगळं संपलं. फोन तुझ्या भावाने घेतला. तो ओट्यावर खाली बसला आणि फोन माझ्याकडे धरला.

मी खुर्दात धावत आले, अक्का. तुला अंगणात ठेवलं होतं. मी रडले की नाही मला आठवत नाही. मला आठवतंय ते एवढंच की मी फरशीकडे कान लावून बसले होते. आता बुद्रुकचे येतात की नाही? की नाल्यापलीकडे काठ्या घेऊन उभे राहतात? त्या ग्रुपवरचं ते वाक्य माझ्या डोक्यात घण घालत होतं. त्यांचीच लेक आहे, असं मी स्वतःला सांगत होते.

मग आमच्याकडचे दोघे आले आणि बाहेरूनच नानाला म्हणाले, "सरण रचेल शे." कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. पाणी, व्हॉल्व्ह, ग्रुप, सगळं बाजूला ठेवून त्यांनी लाकडं रचली होती. मी मनातल्या मनात हात जोडले. तोवर मागून योगेश आला. त्याच्या अंगाला माती, हाताला खरचटलेलं. म्हणाला, "नाना, आम्हीबी रचेल शे. नवी जागावर."



नवी जागा म्हणजे तू खुर्दच्या स्मशानासाठी मोजून घेतलेली ती पळसाजवळची मुरमाड जागा. अजून शेड नाही, ओटा नाही. पोरांनी तिथे रीत मोडून स्वतःच लाकडं वाहिली. आपल्या सरपंचाला आपल्या जागेवर अग्नी द्यायचा, पहिला मान तिचा. म्हणजे एका अक्कासाठी दोन सरणं तयार. असं कुठल्या गावात झालं असेल का गं? कुणाचंच चुकलं नव्हतं आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे बघत उभी होती. नानाने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि मग माझ्याकडे. "शोभी, तूच सांग. दोन्ही गाव तुना शेतस."

आणि मला कचोरी आठवली. हो, हसू नको. शिंदखेड्याच्या स्टँडवर तू मला कचोरी दिली होतीस, त्या जागेचं काम मार्गी लागलं त्या दिवशी. मी गमतीने म्हणाले, घे, आता पहिला नंबर तुझाच. तू खाता खाता थांबलीस. म्हणालीस, "नही माय. जागा गावनी शे. मी तं जातांना तरी माहेर जासू. मंग माले वापस कोन धाडस ते देखसू." आणि इतकी हसलीस की ठसका लागला. मग पाणी पिऊन डोळे पुसलेस आणि माझं मनगट धरलंस. "कोनले सांगू नको हां. हाई सरपंचनी गोष्ट नही शे, मनी शे."

म्हणून मी म्हणाले, बुद्रुकला न्या.

कारण सांगितलं नाही. सांगायचं नाही असं तू बजावलं होतंस. योगेशने माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत शिरावंसं वाटलं. खुर्दात मी सगळ्यांची आत्या, मला फुई म्हणतात, आणि त्याच पोराला मी कडेवर घेतलंय. तो म्हणाला, "फुई, तू आम्हनं नाक कापं." आणि तिरडीला खांदा न देता निघून गेला. तुला फरशीवरून इकडे आणलं. मी त्या टोकाला बायांत उभी राहून बघत होते, आणि नव्या जागेवर ती लाकडं तशीच पडून होती.

आता त्याचं काय झालंय बघ. तुझी दशक्रिया होत नाही तोच भास्करआबा पारावर बसून सांगायला लागले, "अक्कानीच दखाडी दिन्हं. जीव आठेच व्हता तिना. मंग वेगळी पंचायत कसाले पाहिजे?" माणसं माना डोलावतात. उद्या सभेत ते हेच बोलणार. आणि खुर्दची पोरं म्हणतात की फुई फितूर झाली, बुद्रुकने तिला शिकवलं. मी तोंड उघडलं तर तुझा शब्द मोडतो. नाही उघडलं तर तुझं गाव बुडतं. तुझ्या एवढ्याशा सुखासाठी मी तुझं एवढं मोठं काम घालवलं का? आणि त्याहून वाईट विचार येतो, की तुला माहेर हवं होतं म्हणून मी बुद्रुक म्हणाले, की मला तू इकडे, माझ्या बाजूला हवी होतीस म्हणून? तू असतीस तर एक रट्टा घालून सांगितलं असतंस.

तुझ्यावर रागही येतो. इच्छा सांगायची, शपथ घालायची आणि मरायचं! वर मला खुर्चीत बसवायचं! आणि त्याच घटकेला वाटतं, एवढी मोठी सरपंचबाई, पंचायत समितीत साहेबांसमोर टेबल ठोकणारी, तिने आपलं माहेर कुणाजवळ बोलून दाखवलं, तर माझ्याजवळ. नानाजवळ नाही, लेकीजवळ नाही. मला मिळालं ते कुणाला मिळालं नाही.

आज दुपारी तूर निवडता निवडता मला सुचलं. तुझं गुपित सांगायची गरजच काय? माझं सांगते. उद्या भास्करआबा बोलले की मी उभी राहणार आणि म्हणणार, आबा, बाई शेवटी कुठे गेली यावरून गावाची हद्द ठरते ना? मग लिहून घ्या, मी बुद्रुकची सून, मला खुर्दच्या नव्या जागेवर न्यायचं. सरण खुर्दवाल्यांनी रचायचं, रीतीप्रमाणे. मी गेले म्हणून बुद्रुक खुर्दाचं होणार आहे का? नाही ना? मग अक्का इकडे आली म्हणून खुर्द तुमचं कसं झालं? आता हात वर करा.

बोलायला सोपं आहे. पण सुनेने भरसभेत, नवरा समोर बसलेला असताना, आपल्या मरणाची जागा मागायची! सासरचं स्मशान नको म्हणायचं! लोक शेण घालतील तोंडात. मी तुझ्या भावाला आधी सांगायचं ठरवलं. तो खाटेवर बसला होता. मी सूप बाजूला ठेवून सगळं एका दमात बोलून टाकलं. मग वाट बघत बसले की आता उठून जाईल.

तो गेला नाही. जमिनीकडे बघत म्हणाला, "अक्काले माहेर येवानं व्हतं ना?"

मी काहीच बोलले नाही, अक्का. तुझा शब्द मोडला नाही. पण त्याला कळलं. तू गेल्यापासून तो रडला नव्हता. आज रडला, तोंडात उपरणं कोंबून. मी पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाला, "बोल सभामा. मी बठसू पुढे." आणि थोड्या वेळाने म्हणाला, "मंग माले बी तठेच नेजो."

मी म्हटलं, अहो, तुम्ही कशाला? तुम्ही तर इथलेच. तुमचे आईबाप इथे, आता अक्काही इथे.

तर म्हणाला, "तू तठे, मी आठे. मंग भांडसू कोनसंगे?"

अक्का, हेच गं. हेच होतं माझ्या मनात, आणि तू विचारून विचारून थकलीस तरी मला बोलता आलं नाही. ग्रामसेवक, योजना, विहीर, सगळं तोंडदेखलं होतं. पंचायत वेगळी झाली की तू तिकडची सरपंच आणि मी इकडे चुलीपाशी. मग रोज कोणत्या निमित्ताने फरशी ओलांडायची आणि भांडायचं कोणाशी, एवढाच माझा विरोध होता. तुझ्या भावाने जन्मात एकदा तोंड उघडलं आणि तेच बोलला.

सभा सकाळी आहे.  ठराव होईल की नाही, देव जाणे. पण माझा हात वर असेल, अक्का. आता तूच नाहीस, मग मला नाही म्हणायला कारणच राहिलं नाही.